डावरीच्या नावावर

४ मार्च

नोटीस दाराखालून आत सरकवलेली होती. आईने न बघता तिच्यावरून ओलं फडकं फिरवलं आणि मग मला हाक मारली. घरात कागद आला की मला हाक मारायची, ही आमच्याकडची पद्धत. मी कॉलेजात गेल्यापासून विजेचं बिलसुद्धा माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय कुणी खरं धरत नाही.

मोठ्या दवाखान्यामागच्या आमच्या ओळी पाडणार आहेत. गोऱ्यांच्या राज्यात हा दवाखाना वेड्यांसाठी बांधला आणि मागे नोकरांसाठी खोल्यांच्या ओळी काढल्या. त्या नोकरांचे वंशज अजून इथेच राहतात, म्हणजे आम्ही. नोटिशीत म्हटलंय की ज्यांचा पूर्वज त्या काळी दवाखान्याच्या नोकरीत होता असं सिद्ध होईल, त्या कुटुंबाला नव्या इमारतीत घर मिळेल. एका नोकरामागे एकच घर. ज्यांना सिद्ध करता येणार नाही त्यांनी जूनअखेर खोली सोडायची.

बाबा ऐकून हसले. म्हणाले, "आपल्याला कसली भीती? आपण डावरीचे."

डावरी माझी खापरपणजी, बाबांच्या आजोबांची आई. बायकांच्या विभागात आया होती. आमच्या घरात देवाधर्माच्या गोष्टींपेक्षा तिच्या गोष्टी जास्त सांगितल्या जातात. गोऱ्या डॉक्टरने सगळ्या कोठड्यांच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला होता. नव्वदीला टेकून गेली. आणि आयुष्यात एकदाही दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडली नाही, इतकी तिची कामावर निष्ठा. हे शेवटचं सांगताना आत्याचा आवाज नेहमी जरा चढतो.

पणजोबा आणि आजोबा हमाली करायचे, बाबा दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागले ते गोरे गेल्यावर. म्हणजे आमचा हक्क एकट्या डावरीवर लटकलेला आहे.

अडचण एवढीच की टोकाच्या खोलीतल्या शिंपीणकाकूही स्वतःला डावरीच्याच म्हणवतात.

७ मार्च

हे भांडण माझ्या जन्माआधीचं आहे. काकूंचं म्हणणं, डावरी त्यांच्या आजोबांची आजी, आणि ती ऐन उमेदीतच पटकीने गेली, मागे लहान पोर ठेवून. आत्या म्हणते, "लवकर मेली ती ह्यांची कुणीतरी भांडी घासणारी असेल. आमची डावरी नव्वदीची होऊन गेली." यावरून दोन्ही घरं एकमेकांकडे चहा घेत नाहीत. तरी माझे शाळेचे सगळे गणवेश काकूंनीच शिवले. आत्याच्या मते तेही मुद्दाम घट्ट शिवले.

आता एकच घर मिळणार, म्हणजे थट्टा संपली.

बाबांनी कागदपत्रांचं सगळं काम माझ्यावर सोपवलं. मी नुसती बी.ए. इतिहास, तीही दुसऱ्या वर्गात. पदवी मिळाली त्या दिवशी बाबांनी ती अख्ख्या ओळीला दाखवली होती, उलटी धरून. तेव्हा मला हसू आलं होतं. आज तेच आठवून हसू आलं नाही.

११ मार्च

वसाहत अधिकाऱ्यांना भेटले. इतका सभ्य माणूस त्या कचेरीत असेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी मला खुर्ची दिली. आमच्या ओळीतल्या कुणाला त्या खोलीत खुर्ची मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. माझं शिक्षण विचारलं, अक्षर बघितलं, म्हणाले, छान आहे.

डावरीवर दोन दावे आलेत हे त्यांना ठाऊक होतं. मी घाबरत विचारलं, निकाल कसा लावणार. ते म्हणाले, "मी कशाला लावू? तुम्हीच शोधा ना. तुमच्यासारख्या मुलीने शोधलेलं मला वकिलाच्या कागदापेक्षा जास्त चालेल." आणि तिथल्या तिथे रेकॉर्ड रूमचा परवाना लिहून दिला.

मी विचारलं, माझ्याच घराचा दावा असताना मी शोधणं योग्य आहे का? ते म्हणाले, हा प्रश्न विचारलात म्हणूनच योग्य आहे.

येताना वाटेत मी एकटीच हसत होते. असं कुणी आपल्यावर विश्वास टाकलेला मला सहन होत नाही, लगेच काहीतरी चुकेल असं वाटायला लागतं.

१४ मार्च

रेकॉर्ड रूम म्हणजे दवाखान्याची जुनी धुण्याची खोली. दगडी हौदांवर फळ्या टाकून त्यांवर वह्या रचल्यात. खालच्या थरांतल्या वह्यांना वाळवी लागलीय, हात लावला की कडा पिठासारख्या गळतात. तिथल्या कारकुनाने परवाना वाचला, जांभई दिली आणि म्हणाला, "बसा निवांत. मेलेल्यांना घाई नसते आणि मला तर मुळीच नाही."

वह्या गोऱ्यांच्या भाषेत, तिरक्या अक्षरात. पुरुष नोकरांची पूर्ण नावं आहेत. बायकांची नाहीत. कारकुनांनी त्यांना हाक मारायची नावंच लावलीत: बुटकी, आया. बहिरी, धोबीण. आणि दुपारी, पाणी लागून फुगलेल्या एका पगारपत्रकात: डावरी, आया, स्त्री विभाग.

मी बोट ठेवून बसून राहिले. शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि ती आहे.

पहिली नोंद १८७६ची, शेवटची १९३०ची. मधली बरीच वर्षं वाळवीने खाल्लीत, पण हाती लागलेल्या प्रत्येक पगारपत्रकात डावरी आहे. म्हणजे आत्या म्हणते ते खरं, बाई दीर्घायुषी होती. एकच गोष्ट खटकली. डॉक्टर दरवर्षी नोकरांची तपासणी करून वय अंदाजाने लिहायचा. १८८३ साली डावरी सदतीस वर्षांची आहे. १८८५ साली ती बावीसची.

कारकुनाला दाखवलं. तो म्हणाला, बायकांचं वय, कुठे पुढे जातं का. मीही हसले.

घरी सांगितल्यावर बाबांनी आईला बाहेरून बर्फाचा गोळा आणायला पैसे दिले, सगळ्यांसाठी. मी खाल्ला. खाताना सदतीस आणि बावीस डोक्यात होते.

१९ मार्च

शिंपीणकाकूंकडे गेले. घरी सांगितलं नाही. पण ज्यांच्याविरुद्ध शोधतोय त्यांचं म्हणणं न ऐकता शोधणं मला बरोबर वाटेना.

त्यांचे वडील भिंतीकडच्या खाटेवर पडून असतात. आता बोलत नाहीत. काकू झग्याचं कापड कापत होत्या. मी मदत करायला कात्री हातात घेतली तर चालेना, कापड नुसतं दुमडलं. काकू म्हणाल्या, "सोड ती. डाव्या हाताची आहे, खास करवून घेतलेली. बाबांचीच. आमच्यात दर पिढीला एखादा डावरा निघतो."

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. पटकीची साथ होती. डावरी वेड्या बायकांचं हगणंमुतणं काढताना तीही गेली. दवाखान्याच्याच जागेत पुरली. पोर आजीने, म्हणजे डावरीच्या आईने वाढवलं आणि शिंप्याच्या हाताखाली घातलं. काकू बोलताना भांडत नव्हत्या. उलट विचारत होत्या, तुला वहीत काय काय दिसलं, तिचा पगार किती होता, कुठल्या खोलीत राहायची. जसं कुणी गावाहून आलेल्याला माहेरचं विचारतं तसं.

आमच्या घरात कुणी डावरं नाही. बाबा म्हणतात पणजोबा होते, पण शाळेत मारून मारून मोडलं. पणजोबा शाळेत गेले नव्हते. हे मला आज पहिल्यांदा सुचलं.

२२ मार्च

दवाखान्याची स्वतःची दफनभूमी होती आणि तिची वेगळी वही. आज ती काढली.

ऑगस्ट १८८४. डावरी, आया, पटकी.

सप्टेंबर १८८४च्या पगारपत्रकात डावरीचा पगार उचललेला आहे. ऑक्टोबरच्याही. पुढे सेहेचाळीस वर्षं.

वही मिटून ठेवली. कारकुनाने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, धुळीचा त्रास होतो.

२३ मार्च

रविवार. काही नाही. आत्याने विचारलं, जेवली का नाहीस. म्हटलं, भूक नाही.

२५ मार्च

आई दवाखान्याच्या धोबीखान्यात ठेक्यावर आहे. संध्याकाळी ती पाय गरम पाण्यात घालून बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मेलेल्या बाईचा पगार पुढे कसा चालू राहील?

आई मान वर न करता म्हणाली, "न राहायला काय झालं? दुसरी कोणीतरी काम करत असेल की तिच्या नावावर."

आई पुढे बोलत राहिली, पायांची बोटं चोळत. "मी नाही का लागले तेव्हा त्या काम सोडून गेलेल्या बाईच्या नावावर होते? ठेकेदार म्हणाला, नवीन कार्ड काढायचं तर वर मंजुरी लागते, तीन महिने जातात, तू तिचंच कार्ड दाखव. दोन वर्षं मला तिथे सगळे तिच्याच नावाने हाक मारायचे. पहिल्यांदा ओ द्यायचंच राहून जायचं."

मला हे माहीत नव्हतं. आईला वाटलं होतं, मला माहीत आहे. त्या दोन वर्षांच्या फंडाचं काय झालं असं मी विचारलं, तर ती हसली. फंड त्या बाईचा, तो कुठे आहे देव जाणे.

मला रडू येत होतं. का ते तिला सांगता आलं नाही. ती म्हणाली, अगं, जुनी गोष्ट आहे ती, बादली तेवढी ओत मोरीत.

२८ मार्च

आता काय शोधायचं ते कळलं होतं. रुग्णांची वही. ती उघडायची मला भीती वाटत होती.

जी डावरी मेली ती काकूंची. मग तिच्या जागी कोण? बाहेरून नवी बाई आणली असती तर तिचा पगार ठरवावा लागला असता, तिने घर मागितलं असतं, ती बोलली असती. आत मात्र फुकट काम करणाऱ्या बायका होत्याच.

नोंद सापडली. १८८२. "स्त्री. रस्त्यावर सापडली. वय अंदाजे वीस. नाव सांगत नाही." पुढच्या वर्षी: "शांत. विभागात काम करते. इतर बायकांना न्हाऊ घालते." त्याच्या पुढच्या वर्षी: "समजूतदार. वेडाची लक्षणं दिसत नाहीत. न्यायला कुणी आलेलं नाही."

शेवटची नोंद ऑगस्ट १८८४. एकच शब्द. "मृत."

दफनाची वही पुन्हा काढली. त्या महिन्यात साथीमुळे पानंच्या पानं भरलीत, रुग्णांपुढे त्यांचा नंबर आहे. तिचा नंबर कुठेच नाही.

म्हणजे साधं आहे. आया मेली, तिला पुरलं, पण पगारपत्रकावर जिवंत ठेवलं. रुग्ण जिवंत होती, तिला वहीत मारलं आणि मेलेलीचं नाव दिलं. दोन्ही वह्यांचा हिशोब चोख. पगार कोण घेत होतं हे कुठल्याही वहीत सापडणार नाही.

तीन वर्षांनी डावरी एक महिना बिनपगारी. जन्माच्या वहीत मुलगा. आई: डावरी. बापाची जागा कोरी. तो मुलगा म्हणजे माझे पणजोबा.

ती कुणाची बायको नव्हती. कोठड्यांच्या किल्ल्या तिच्या हातात होत्या, पण फाटकाची तिच्याकडे नव्हती. फाटकाबाहेर ती काय म्हणून जाणार होती? आम्ही त्याला निष्ठा म्हणत आलो.

३० मार्च

घरी सांगितलं. सांगू नये असं दोन दिवस वाटत होतं, पण मी गप्प बसले की माझा चेहराच बोलतो.

बाबा आधी चिडले, वह्या खोट्या म्हणाले. पण वॉर्डबॉय म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही. शेवटी म्हणाले, "पगारपत्रकात डावरी आहे ना? जन्माच्या वहीत आई डावरी आहे ना? तेवढे दोन कागद दे. विचारलं तेवढंच सांगावं."

मी म्हटलं, पण मग काकूंचं घर जाईल, आणि हक्क त्यांचा आहे. बाबा म्हणाले, त्यांना वही वाचता येत नाही. हे बोलल्यावर त्यांना स्वतःलाच लाज वाटली असावी, कारण ते उठून बाहेर गेले.

आत्या बराच वेळ भिंतीला टेकून बसली होती. तिने डावरीला पाहिलेलं नाही, पण तिच्या आजीने, म्हणजे डावरीच्या सुनेने पाहिलेलं. आत्या म्हणाली, "आजी सांगायची, सासूला हाक मारली की वळायचीच नाही. दोन-तीनदा मारावी लागायची. आम्ही समजायचो, कान गेले असतील."

मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघत नव्हती.

मग मी आईलाच विचारलं, काय करू. ती म्हणाली, "तू शिकलीस. तुला कळतं. मी काय सांगू?"

असं कुणी म्हटलं की मला फार एकटं वाटतं.

३ एप्रिल

अधिकाऱ्यांकडे गेले. सगळं सांगितलं. मला एक मार्ग सुचला होता, तोही सांगितला. पहिली डावरी खरी नोकर, तिचं घर काकूंना. दुसरी कागदावर रुग्ण असली तरी सेहेचाळीस वर्षं तिने नोकरी केली. काम केलं ती नोकर, तिचं घर आम्हाला. एका नोकरामागे एकच घर हा नियमही मोडत नाही, कारण बायका दोन आहेत.

त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. दोनदा टिपण घेतलं. मग म्हणाले, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, तुम्ही तो लिहाच. सगळं लिहा. कुठल्या वहीत कुठलं पान, वयाचा फरक, दफन, सगळं. अर्धवट लिहिलेलं टिकत नाही.

मी विचारलं, म्हणजे दोन्ही घरं होतील? ते म्हणाले, "खरं लिहिणाऱ्याचं नुकसान व्हावं असं मला तरी वाटत नाही." आणि चहा मागवला.

८ एप्रिल

टिपण लिहून झालं. तीनदा उतरवून काढलं. चौथ्यांदा एका आकड्याखाली शाई पसरली म्हणून पुन्हा. ॲफिडेव्हिटवर "माझ्या माहितीप्रमाणे खरं" याखाली सही केली. बाबांनी अंगठ्याऐवजी सही केली, मोठ्या अक्षरात.

काकूंनाही जाऊन सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. "म्हणजे माझी खरीच होती?" असं दोनदा विचारलं. मग वडिलांच्या कानाशी वाकून त्यांना सांगितलं. म्हाताऱ्याने डावा हात जरा उचलला, कदाचित नुसताच. काकूंनी मला चहा दिला आणि मी घेतला. आमच्या घरातलं त्या घरात चहा घेतलेलं पहिलं माणूस मी.

त्या म्हणाल्या, "आणि तुमचं गं?" मी म्हटलं, आमचंही होईल. त्यांनी माझ्या दंडावर हात फिरवला. "तुझीही बिचारी," म्हणाल्या. "दुसऱ्याच्या नावात जन्म काढला."

इतकं हलकं मला परीक्षा संपल्यावरही वाटलं नव्हतं.

२ मे

निकाल नाही.

१९ मे

निकाल नाही. अधिकारी जिन्यात भेटले, हसून मान हलवली. बाबा म्हणाले, काय म्हणाला? म्हटलं, हसले. बाबा म्हणाले, बोकड बघून खाटीकही हसतो. बाबा दवाखान्यातल्या कुठल्याच साहेबावर विश्वास ठेवत नाहीत, ते एक आहेच.

३ जून

निकाल आला. दोन्ही घरांना एकच कागद. मी तो उभ्यानेच वाचला.

डावरी या नावावरचे दोन्ही दावे फेटाळले. कारण, सदर नाव एकाहून अधिक स्त्रियांनी वापरल्याचं दिसून येत असल्यामुळे त्या नावाच्या कुठल्याही नोंदीवर भरवसा ठेवता येत नाही. पहिल्या दाव्यातल्या कुटुंबाने डावरीशी नातं दाखवणारी लेखी नोंद दिलेली नाही. दुसऱ्या दाव्यातली स्त्री रुग्ण होती, नोकर नव्हती, शिवाय नोंदीनुसार १८८४ साली मृत आहे.

आधार म्हणून माझं टिपण जोडलंय. माझ्याच अक्षरात, शिक्का मारून.

आत्याने विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. वाचून दाखवणं माझं काम आहे.

४ जून

अधिकाऱ्यांना भेटले. टिपण मागे घेते म्हटलं. ते खरंच दुःखी दिसत होते. त्यांचे हात नियमांनी बांधलेले आहेत, वरून तपासणी असते. म्हणाले, तुमच्याइतकं नेटकं काम मी पाहिलेलं नाही, आता ते सरकारी कागद झालं, मागे घेता येत नाही.

मी म्हटलं, निदान रुग्णांच्या वहीत तिच्यापुढचं "मृत" तरी दुरुस्त करा, आणि तिचं नाव लावा. ते लगेच तयार झाले. त्याला काय लागतं, म्हणाले, अर्ज द्या, आजच करतो. पेन उघडलं आणि विचारलं, "काय नाव घालू?"

माझ्याकडे नाव नाही. ती सांगत नव्हती.

उठताना त्यांनी विचारलं, बाकीच्या ओळींचेही दावे तपासायचे आहेत, तुम्ही कराल का? तात्पुरती नेमणूक आहे, पण पगार वेळेवर होतो. इतकं सगळं झाल्यावरही त्यांनी माझा विचार केला. त्यांना राग धरता आला असता, धरला नाही.

२६ जून

काकू आज गेल्या. एक टेम्पो, त्यात मशीन, एक कपाट, आणि खाटेसकट वडील. म्हाताऱ्याच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून काकूंनी झग्याचं अर्धवट शिवलेलं कापड वर बांधलं. ओळीतले सगळे मदतीला होते. मी गेले तर सगळे थोडे थोडे बाजूला झाले.

मी काकूंना म्हटलं, मला वाटलं होतं, दोघींचंही होईल.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोरीची गाठ मारता मारता त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुझी तर कागदावर आधीच मेली होती. माझी तू मारलीस."

मग टेम्पोवाल्याला म्हणाल्या, सावकाश चालव, म्हातारं माणूस आहे.

२९ जून

आम्हाला बाजाराच्या मागे एक खोली मिळाली. मोरी सामाईक. आत्याला जिना चढवत नाही, तिला दोघांनी धरून वर नेली. खिडकीतून समोरची भिंत दिसते. बाबा म्हणाले, बरंय, फाटक तरी दिसत नाही. हा विनोद होता की काय ते कळलं नाही, कोणी हसलं नाही.

भाडं आईच्या पगाराहून जास्त आहे. आई म्हणाली, ती नोकरी घे. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, "जे म्हणायचं ते म्हणून झालंय."

३ जुलै

रुजू झाले. मला रेकॉर्ड रूममध्येच एक टेबल दिलंय, हौदाशेजारी. कारकुनाने आज विनोद केला नाही. त्याने वह्या माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसला.

९ जुलै

संध्याकाळी फाटकाशी पुढच्या ओळीतली एक बाई उभी होती. तोंडओळख आहे, बहुतेक दवाखान्याच्या स्वयंपाकघरात असते. तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं, पिशवीत वही आहे का ते बघत असावी. म्हणाली, "आमच्या पणजीचे कागद तुझ्याकडे आलेत म्हणे." मी हो म्हटलं. ती माझं मनगट धरून म्हणाली, "बाई गं, काही सापडलंच, तर सापडू देऊ नकोस."

मी तिला सांगितलं, मला खोटं लिहिता येत नाही. ती म्हणाली, माहितीये, म्हणून तर आले.

१४ जुलै

अधिकाऱ्यांनी बोलावून विचारलं, काही विसंगती मिळतात का. मी म्हटलं, अजून नाही. तेव्हा खरोखर मिळाली नव्हती.

२१ जुलै

आज एका दाव्यात एकाच बाईची दोन वयं दिसली. मधल्या वर्षांत कुणाचं तरी दफन असणार. ते कुठल्या वहीत मिळेल आणि ती वही कुठल्या हौदावर आहे, हे मला माहीत आहे.

ती वही मी काढली नाही. दाव्यावर "नोंदी जुळतात" असं लिहिलं आणि खाली माझी सही केली, पूर्ण नावाची.

ओळ कुठली, बाई कोण, ते इथेही लिहीत नाही.